माहरुखचं नववं प्रकरण

तंजावरचं मराठा राज्य दीडशे वर्षांपूर्वी खालसा झालं; रीतिरिवाज मात्र कोणी खालसा केले नाहीत. कृष्णवेणी मोहिते त्या रीतिरिवाजांत वाढली. आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात, भांडार विभागात, तिने चौतीस वर्षं कारकुनी केली आणि २००६ साली निवृत्त झाल्यावर मैलापुरातल्या दोन खोल्यांत बसून सतराव्या शतकातल्या इराणी बायकांवर कादंबरी लिहायला घेतली. लग्न तिने केलं नव्हतं. घरात दुसरं माणूस एकच: वडिलांची धाकटी बहीण सईबाई. कादंबरीचं नववं प्रकरण लिहून झालं तेव्हा सईबाईंचं वय त्र्याऐंशी होतं.

इराणचं वेड जुनं होतं. रोज आवडीला जाणाऱ्या गाडीत वाचायला घेतलेल्या एका प्रवासवर्णनात इस्फहानच्या बायकांवर अडीच ओळी होत्या. प्रवाशाला बुरखे दिसले, बायका दिसल्या नाहीत. आत काय चाललं असेल, हा प्रश्न कृष्णवेणीला सोडेना. तिच्या घरातही आजीपर्यंत गोषा होता; बायका बंद बैलगाडीतून देवळात जायच्या. मग ती शहरातच ट्रिप्लिकेनला सकीना मॅडमकडे फारसी शिकायला जाऊ लागली. मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या, जिभेने तिखट. शिकवणी पंधरा वर्षं चालली.

लिहिण्याची पद्धत ठरलेली होती. सकाळी लिहायचं. दुपारी तीनला काप्पी, म्हणजे कॉफी, झाली की सईबाईंना वाचून दाखवायचं. गुरुवारी सकीना मॅडमना तेच तामिळमध्ये सांगायचं; त्या चुका काढायच्या.

सईबाई गप्प ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"डाळिंब घालून रस्सा? अय्यो! गोड की आंबट?"

"आंबटगोड, आत्याबाई."

"मग सांभारच की गं. तेवढ्यासाठी इराणात कशाला गेलीस?"

नवव्या प्रकरणात माहरुखचा नवरा मेला. माहरुख ही कादंबरीची नायिका, रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको. दिराने तिला मागच्या खोलीत हलवलं. अंगावरचं सोनं उतरलं, रंगीत कपडे गेले, जेवण एकवेळचं झालं. घरात मंगलकार्य निघालं की तिने समोर यायचं नाही, हे कोणी सांगितलं नाही. ते तिला कळलं.

हे ऐकताना सईबाईंनी एकदाही मध्ये विचारलं नाही. काप्पी निवली.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

कृष्णवेणीने प्रकरणाची चौदाही पानं परत वाचली.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी नाही. सुचलं."

"बरोबर लिहिलंस," एवढं म्हणून सईबाई उठून आत गेल्या.

त्या सतराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. त्यानंतरची सहासष्ट वर्षं भावाच्या, मग भाचीच्या घरात गेली. या विषयावर त्या घरात एकही वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं, सईबाईंनीही नाही. त्या दिवसापासून मात्र त्या रोज तेच प्रकरण वाचायला सांगू लागल्या.

गुरुवारी सकीना मॅडमनी चहाचा पेला मध्येच खाली ठेवला.

"ही बाई कोण?"

"माहरुख."

"नाही म्मा. ही इस्फहानची नव्हे, तुमच्या तंजावरची. नवरा गेला की चार महिने दहा दिवस थांबायचं. मग निकाहात ठरलेली मेहेरची रक्कम तिची, वारशातला वाटा तिचा, मर्जी असेल तर दुसरा निकाह. माझ्या आईने केला. त्या दुसऱ्या नवऱ्याची मी मुलगी. तू माहरुखला कोंडून ठेवलंस तर मी आले कुठून?"

कृष्णवेणीने वही मिटली.

"त्या बायका सुखात होत्या असं नाही म्हणत मी," मॅडमचा सूर थोडा उतरला. "दीर वाटा दाबायचा. काजीकडे खेपा घालाव्या लागायच्या. सासरचे मुलं ठेवून घ्यायचे. ते लिही. हे नको."

घरी येऊन तिने टिपणवह्या काढल्या. १९९८ सालच्या वहीत तिच्याच अक्षरात होतं: विधवा, चार महिने दहा दिवस, नंतर पुनर्विवाह. खाली लाल शाईची रेघ. म्हणजे हे तिला ठाऊक होतं. भांडारात चौतीस वर्षांत तिने एक खिळा चुकीच्या कप्प्यात जाऊ दिला नव्हता. इथे अख्खी बाई गेली होती.

पुण्याच्या प्रकाशकाला महिनाअखेर हस्तलिखित हवं होतं. करायचं काय ते उघड होतं: चौदा पानं काढायची, नवी लिहायची. पण सईबाईंचं आयुष्य सांगितलं गेलं होतं ते फक्त त्याच चौदा पानांत. आठ दिवस तिने पुढचं काही वाचलं नाही. सईबाई विचारत राहिल्या, "वेणी, पुढे काय झालं तिचं?" नवव्या दिवशी तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे त्या बाईला जायची मुभा होती," सईबाई म्हणाल्या.

"होती."

"आणि तू तिला मागच्या खोलीत बसवलंस."

"चुकले, आत्याबाई."

"आता काढणार ते?"

"काढावं लागेल. खोटं आहे."

"खोटं?" सईबाईंचा आवाज चढला. तो चढलेला कृष्णवेणीने जन्मात ऐकला नव्हता. "ते खोटं आहे?"

सईबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तशाच. भात पुढे केला तर दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. कृष्णवेणीने प्रकाशकाला फोन करून आणखी पंधरा दिवस मागितले. कारण विचारलं, तेव्हा घरात आजारपण आहे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता सईबाई आपणहून खुर्चीत येऊन बसल्या.

"काढ ते," त्या म्हणाल्या. "तिला जाऊ दे. करू दे लग्न. नवरा बरा बघ म्हणजे झालं, त्या मेल्या दिरासारखा नको."

"आणि तुमचं?"

"माझं मला परत दे. परक्या बाईच्या नावावर कशाला ठेवलंस? मी कधी गेले होते तिकडे? कोरा कागद घे. वर माझं नाव घाल."

कृष्णवेणीने कागद घेतला, नाव घातलं. सईबाई खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या.

"मानाजीच्या लग्नाला दोनशे पान होतं. मला तांदळाच्या कोठीत ठेवलं होतं. मुहूर्ताला पांढरं लुगडं कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत. पाणी ठेवायचं विसरले. दाराला बाहेरून कडी होती."

मानाजी म्हणजे कृष्णवेणीचे वडील. त्या लग्नातली नवरी तिची आई. पेन थांबलं.

"थांबतेस काय?" सईबाई म्हणाल्या. "तुझ्या आईने नाही लावली कडी. तिला बिचारीला मी आत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या आईने लावली. लिही."

कृष्णवेणीने लिहिलं.