लाल पाऱ्याची मशीन

नायगावच्या त्या आजींची तक्रार इतक्या वर्षांत मी विसरलेलो नाही. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. सामान हलवण्याच्या गडबडीत त्यांची सासूच्या वेळची शिलाई मशीन गायब झाली. ठाण्यात अर्ज घेताना माझ्या हवालदाराने शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "किंमत किती लिहू?"

"तेच्यावर माजी तीन पोरां शिकली. आता तूच लिव काय ता!"

आली का पंचाईत! अंदाजे किंमत तर लिहावीच लागते. मी लालबागच्या एका मशीन दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "शोभेला ठेवणारा दोन हजार देईल साहेब, नाहीतर भंगार." दोन हजार लिहिले. आजी माझ्यावर जाम उखडल्या.

तिसऱ्या दिवशी रे रोडच्या एका भंगारवाल्याने खबर दिली, एक म्हातारा जुन्या मशीनचे पाच लाख मागत फिरतोय. आणून बघतो तर आजींचा सख्खा धाकटा भाऊ! सामान बांधायला हाच आला होता.

चौकशीआधी चहा द्यायची माझी पद्धत. पोटात गरम गेलं की माणूस बोलतो. यानं मात्र दुसरा कप मागितला. शेवटी मी म्हटलं, "काका, ती मशीन दोन हजारांची आहे. मी स्वतः विचारलंय."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "काय सांगता! जुन्या मशीनमध्ये लाल पारा असतो साहेब, लाखोंना जातो. मोबाइलवर व्हिडिओ आलाय."

"अहो, अफवा आहे ती! आणि पाच लाखांचं करणार काय होतात?"

"बायच्या, माझ्या बहिणीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन," तो पुटपुटला. मला त्याचा रागच येईना.

मशीन त्याच्या परळच्या घरी चादरीत गुंडाळलेली सापडली. ओळख पटवायला आजींना बोलावलं. भावाला बघून त्या कडाडल्या, "मेल्या, माका इचारूचा तरी होता!" मी ऑपरेशनचं सांगितल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाल्या, "साहेब, माजी तक्रार नाय." तो ढसाढसा रडला. गुन्हा अजून नोंदला नव्हता, अर्ज चौकशीवरच होता; आजींचा जबाब घेऊन निकाली काढला.

वस्तूची किंमत मी नोकरीभर दुकानदारांना विचारली. ती वापरणाऱ्याकडूनही नीट ऐकावी, हे मला त्या बहीण-भावाने शिकवलं.

महिन्याभराने आजींच्या अँटॉप हिलच्या भाड्याच्या खोलीवर सहज डोकावलो. आजी स्टुलावर पाय ठेवून कापड धरून बसलेल्या, आणि भाऊ जमिनीवर बसून हाताने पायडल हलवतोय.

"बाय, हात दुखले गो."

"गप हलव! आता तूच माजे गुडघे."