दाजींचा चेंडूवाला

आमच्या दाजींनी नापसंत केली नाही अशी एकही वस्तू हैदराबादेत तयार झाली नाही, आणि बाहेरून येऊन एखादी सुटली असेल, तर ती दाजी झोपलेले असताना आली असली पाहिजे. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. बायको आपल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणू लागलो, आणि पुढे मलकपेठेतली त्यांची सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणू लागली. त्यात त्यांच्याहून वयाने मोठे लोकही होते. एका सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते. यंत्रातून निघालेला सुटा भाग उचलायचा, गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पुढे ढकलायचा, नाही बसला तर 'रिजेक्ट' म्हणून लाल डब्यात टाकायचा, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. गेज म्हणजे मापाची पोलादी कडी. तिच्यात नग बसतो किंवा बसत नाही. तिसरं काही नसतं. अडचण एवढीच होती की संध्याकाळी कारखाना सुटला तरी दाजींच्या डोक्यातली ती कडी सुटत नसे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा घरातल्या मंडळींनी माझं शिक्षण विचारलं, पगार विचारला. दाजींनी मला उठून उजेडात उभं राहायला सांगितलं, सगळ्या बाजूंनी बघितलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "चष्मा जाड आहे. खांदा डावीकडे उतरतोय. पण चालवून घेता येईल." त्यांनी कुणाबद्दल याहून बरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीला ते ओळंबा घेऊन फिरत होते, आणि गुरुजी ऐन रंगात आलेले असताना त्यांना म्हणाले, "तुमचं चालू द्या, पण तुमच्या मागची भिंत बाहेर आहे." गुरुजी पुढचे मंत्र मान वळवून वळवून म्हणाले.

पुढे सरकारी कारखान्यांना उतरती कळा लागली, बाहेरचा माल मोकळा येऊ लागला, आणि स्वेच्छानिवृत्तीची ती प्रसिद्ध योजना आली, जिला लोक 'गोल्डन हँडशेक' म्हणत. सरकारने दाजींचा हात इतक्या प्रेमाने हलवला की ते थेट घरी येऊन पडले. मग मात्र मलकपेठेचे हाल सुरू झाले. सकाळी इडलीवाल्यापासून आरंभ. "ही एका बाजूला बसलीये, रिजेक्ट." दुधाची पिशवी, शेजारच्यांची नवी मोटार, केबलवाल्याने ओढलेली तार, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीचा भांग, सगळं गेजमधून जायचं आणि सगळं लाल डब्यात पडायचं. माझी मेहुणी, म्हणजे अक्का, या माणसाबरोबर संसार करून इतकी निबर झाली होती की भाजीला नावं ठेवली की शांतपणे म्हणायची, "लाल डबा मोरीजवळ आहे, टाका त्यात आणि उपाशी झोपा."

या सगळ्यात खरा भरडला गेला तो त्यांचा एकुलता एक मुलगा, शिरीष. लहानपणी त्याने कागदावर बैल काढला तर दाजींनी पट्टी लावून बैलाचे चारही पाय मोजले होते. पोरगा हुशार निघाला, कॉम्प्युटर शिकला आणि त्या काळात हैदराबादेतली अर्धी पोरं निघाली होती तसा अमेरिकेला निघाला. ज्याचं नाव अक्काला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही अशा एका थंड गावी. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. अक्काशी तो डाळीला फोडणी कशी घालायची इथपासून सगळं बोलायचा. मग फोन दाजींकडे.

"कसा आहेस?"

"बरा आहे."

"जेवलास?"

"हो."

"आईला देतो."

बापलेकांचं संभाषण ते एवढंच. बरेच महिने मी ते ऐकत आलो होतो. ते लांबेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका रविवारी मात्र 'हो' आणि 'आईला देतो' यांच्यामध्ये शिरीष काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, की इथं ऑफिसात सगळे फुटबॉलचंच, म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचंच बोलतात, गावच्या संघात एक नवा क्वार्टरबॅक आलाय आणि तो सारखा हरतोय. दाजींनी विचारलं, क्वार्टरबॅक म्हणजे काय? शिरीषने सांगायला घेतलं. सांगता सांगता चहा निवला. फोन ठेवल्यावर अक्का घाबरून म्हणाली, "इतका वेळ बोललात, काही वाईट बातमी तर नाही?"

दुसऱ्याच दिवशी दाजी माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात हजर. तिथं मी ग्रंथपाल. त्यांनी त्या खेळावर जे असेल ते काढायला लावलं. विश्वकोशात दोन पानं निघाली. मी वाचत गेलो आणि दाजी उभे राहून ऐकत गेले. तेवढ्यात केबलच्या एका खेळाच्या वाहिनीवर हे सामने सोमवारी सकाळी लागतात असा शोध लागला. गणपती उठले की हा खेळ सुरू होतो आणि संक्रांतीच्या सुमाराला आटपतो. तेवढे महिने दर सोमवारी कॉलेजच्या आधी मी चिक्कडपल्लीहून मलकपेठेला जाऊन नियम वाचून दाखवावेत असा हुकूम झाला. त्या गावच्या संघाचा सामना बहुधा लागायचा. नाही लागला तर दाजी केबलवाल्याला जबाबदार धरत.

सोमवारच्या बैठकीला आणखी दोघं असत. एक बशीरभाई, वीज खात्यातून निवृत्त झालेले शेजारी. मलकपेठेच्या रेसकोर्सवर त्यांची हयात गेली होती आणि जगातला कुठलाही प्रश्न ते घोड्याच्या पाठीवर बसवूनच सोडवत. दुसरे मूर्तिगारू. तेलुगूतलं 'गारू' म्हणजे आपलं 'राव', आणि वाक्याच्या शेवटी येणारं 'अंडी' म्हणजे आपलं 'हो'. त्यांचा दिलसुखनगरला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास होता. त्यांना माणूस दिसतच नसे, थेट मार्क दिसत. खेळ आम्हाला कळत होता म्हणणं धाडसाचं होईल. अंगात गाद्या भरलेले धटिंगण क्षणभर एकमेकांवर कोसळतात, मग उठून गोल करून डोकी जुळवतात आणि लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं ठरवावं तसं कुजबुजत राहतात. "इसमें पाँव किदर है, दाजी?" बशीरभाई दर आठवड्याला विचारायचे. "हमारे हैदराबाद के पोट्टे नंगे पाँव खेलते थे. जूता दिये तो गिर जाते थे." काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेले पंच हा तिसरा संघ आहे अशी आमची कितीतरी आठवडे समजूत होती. दाजींना आवडलेला तेवढा एकच संघ. "बघा, कुणी पडत नाही, कुणी भांडत नाही, कपड्याला डाग नाही," ते म्हणायचे. पुढे विश्वकोशातला खुलासा मी वाचून दाखवला तेव्हा दाजींनी विश्वकोश रिजेक्ट केला.

क्वार्टरबॅक हा शब्द अक्काने पहिल्याच दिवशी मोडीत काढून त्याचा 'चेंडूवाला' केला होता. मागे उभं राहून चेंडू फेकायचं त्याचं काम. तो फेकायचा तिथं आपला माणूस नसायचा, असला तर त्याच्या हातातून चेंडू निसटायचा, आणि बऱ्याचदा फेकण्याआधीच चारपाच जण याच्या अंगावर येऊन बसायचे. मूर्तिगारू फेकी आणि झेल मोजत. "आधे भी नहीं, दाजीगारू. नापास अंडी. रिवैल्युएशन में भी नापास." बशीरभाईंचं म्हणणं उलट. "मार्कां से क्या होता मूर्ती साब? घोडा बुरा नहीं है. मैदान भारी है, कीचड है." त्यावर मूर्तिगारू विचारत, की मैदान तर दुसऱ्या संघालाही तेच आहे ना. बशीरभाई म्हणत, "इसीलिए आप कभी रेस में नक्को आओ." दाजी दोघांचं ऐकून घेत आणि निकाल देत: रिजेक्ट.

आणि हाच निकाल त्यांनी एका रविवारी फोनवर शिरीषला सांगितला. "असल्या माणसाला काढून टाकायला पाहिजे."

मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. अक्काला नीट ऐकू यावं म्हणून त्यांचा फोन मोठ्या आवाजाचा होता, त्यामुळे शिरीषचंही ऐकू येत होतं. तो म्हणाला, "नवा आहे हो बाबा. नवं गाव, नवी माणसं. जमायला वेळ लागतो."

"ज्याला जमायचं असतं त्याला पहिल्या दिवसापासून जमतं."

पलीकडून एक हुंकार. मग, "आईला द्या."

पुढच्या रविवारी फोन आला, अक्काशी बोलून झालं, आणि शिरीष म्हणाला, बाबा अंघोळीला गेले असतील, राहू दे. दाजी अक्काच्या शेजारी कोरडे ठणठणीत उभे होते. त्याच्या पुढच्या रविवारीही ते अंघोळीला गेले. अक्काने फोन ठेवला आणि प्रथमच आवाज चढवला. "तुम्ही त्या चेंडूवाल्याला नाही नापास केलं. पोराला केलंत. तो तिकडं खोलीत एकटा राहतो, एकटा जेवतो, नव्या साहेबाची बोलणी खातो. त्याच्याशी बोलायला तुम्हाला एक विषय सापडला होता, त्याचंही वाटोळं केलंत."

त्यानंतर दाजींनी काही दिवस काहीच रिजेक्ट केलं नाही. एका बाजूला बसलेली इडली मुकाट्याने खाल्ली. अक्काने मला कॉलेजात फोन करून विचारलं, डॉक्टरला दाखवू का?

मी त्यांना सुचवून बघितलं, की दाजी, 'बरा खेळतो' म्हणून टाका, काय जातं आपलं? कडीत न बसलेल्या नगाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "साडू, खोटा नग मी जनरल मॅनेजरसाठी पास केला नाही." म्हणजे आता पंचाईत अशी, की पोराशी बोलायचं तर चेंडूवाला पास व्हायला हवा, आणि पास व्हायचा तर खराच व्हायला हवा. आणि तो तर दर सोमवारी पहिल्यापेक्षा जोरात आपटत होता.

तेव्हा त्या सोमवारी दाजींनी कामं वाटून दिली. बशीरभाईंनी फक्त लांब पळणाऱ्यांकडे बघायचं. मूर्तिगारूंनी फक्त चेंडूवाल्याच्या पुढे भिंतीसारख्या उभ्या असलेल्या पाच जणांकडे बघायचं, आणि कृपा करून काही मोजायचं नाही. मी पुस्तक उघडून गप्प बसायचं. स्वतः दाजी पडद्यासमोर पाट घेऊन बसले. सामना अर्ध्यावर आला. मग मूर्तिगारू हळूच म्हणाले, "दाजीगारू, ये पाँचों कुछ नहीं करते. रस्ता देते हैं. आइए, बैठिए, बोलके." बशीरभाई म्हणाले, "और ये लंबे वाले, चेंडू किदर आ रहा, देकतेच नै."

दाजींनी पाट मागे सरकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडू, नग सारखा वाईट निघायला लागला तर आम्ही नुसता नग नव्हतो फेकत. मशीन थांबवायचो. हत्यार झिजलंय का, लोखंड कसलं आलंय, कामगार रात्रीचा जागलाय का, सगळं बघायचो. तपासनिसाचं पहिलं काम ते." मग म्हणाले, "घरी मी ते कधी केलं नाही." अक्का दारात चहा घेऊन उभी होती. तिने कप ठेवले आणि आत गेली.

रविवारी फोन वाजला. अक्काचं बोलून झाल्यावर दाजी तिला म्हणाले, "त्याला सांग, चेंडूवाल्याचं माझं जरा चुकलं." अक्का म्हणाली, "मी काय टपाल आहे? तुम्हीच सांगा," आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

दाजी खाकरले. "अरे, त्याचं काही चुकत नाही. त्याच्या पुढं उभं राहणारे नालायक आहेत. मी नुसतं त्यालाच बघत बसलो. त्याच्या जागी कुणीही पडला असता. उलट तो दर वेळी उठतो आणि परत त्याच जागी जाऊन उभा राहतो, हे मला आधी दिसायला पाहिजे होतं."

पलीकडून शिरीष म्हणाला, "बाबा, त्याला काढला. परवाच. दुसरा घेतला."

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदा एक नग त्यांनी स्वतःचा निकाल फिरवून पास केला होता, आणि त्याच आठवड्यात अमेरिकेने तो लाल डब्यात टाकला होता. "काढला? कुणी काढला? तपासणी कुणी केली?" असं म्हणून त्यांनी त्या संघाच्या मालकापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळी व्यवस्था इतक्या सविस्तरपणे नालायक ठरवली की पलीकडे शिरीष हसायला लागला. त्याचं हसणं मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. मग दाजींचा आवाज खाली आला.

"मग आता काय करतो तो?"

"बाकावर बसतो, बाबा. सरावाला रोज जातो."

"जेवतो ना वेळेवर?"

"जेवतो," शिरीष म्हणाला. "सकाळचं कधीकधी राहतं."

"सकाळचं चुकवायचं नाही म्हणावं त्याला," दाजी म्हणाले. आणि तेवढ्यात शिरीषचं फोनचं कार्ड संपलं.

त्यानंतर बापलेक दर रविवारी बोलत. नवा चेंडूवाला आला, त्याच्या पुढचे पाचही बदलले, त्या सगळ्यांवर दोघंही मनसोक्त तोंडसुख घेत. इडली पुन्हा रिजेक्ट होऊ लागली आणि अक्काचा जीव भांड्यात पडला.

दाजी गेले तेव्हा शिरीष आला होता. तेराव्याची माणसं पांगल्यावर माझ्याशेजारी बसून म्हणाला, "काका, मला तो खेळ कधी कळलाच नाही हो. बाबा विचारतील म्हणून मी शुक्रवारी ऑफिसातल्या एकाला गाठून सगळं विचारून ठेवायचो. पहिल्यांदा ते माझ्या बाजूने कुणाशी तरी भांडत होते ना. ते थांबू नये असं वाटायचं." मग विचारलं, "बाबांना तरी आवडायचा का?"

मी "आवडायचा" म्हणालो. खरं सांगायचं तर मध्यंतरानंतर दाजी पाटावर बसल्या बसल्या पेंगायचे, आणि मूर्तिगारू ढोसून जागं करायचे. पण सामना शिरीषच्या गावात असला की अधूनमधून कॅमेरा प्रेक्षकांवर फिरायचा. बर्फ पडत असायचं, हजारो माणसं कानटोप्या घालून बसलेली असायची. तेवढ्यापुरते दाजी खडबडून सरळ व्हायचे, चष्मा सदऱ्याला पुसायचे आणि पाट पुढे ओढून पडद्याला नाक लावायचे. एवढ्या दुरून, एवढ्या गर्दीत, सगळ्यांची तोंडं गुंडाळलेली. कोण कुठला ते ओळखू येणं शक्य नव्हतं. पण तो कॅमेरा परत खेळाकडे वळेपर्यंत आमच्यापैकी कुणीही बोललेलं त्यांना चालत नसे.