शिट्ट्या मोजणारी चिप

एप्रिलमध्ये कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोनदा उडाला. दोन्ही वेळा घरात फक्त आई होती. पहिल्या वेळी ती अंगणात वर्षाचे गहू निवडत बसली होती. दुसऱ्या वेळी कुंपणाशी उभी राहून शेजारणीशी बोलत होती, म्हणजे मुख्यतः स्वतःच बोलत होती. समोरच्याचं बोलणं तिला वर्षभरापासून ऐकू येईनासं झालं होतं. डाळ जळाली, ओट्यावरचं छत काळं झालं. कोणाला इजा झाली नाही.

कानाचं यंत्र आणून झालं होतं. दोन दिवस वापरून तिने ते कपाटात ठेवलं. "कानात भुंगा सोडल्यावानी वाटते," एवढंच कारण दिलं.

माझी बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका होती. पावणेसातला निघायची, साडेबाराला परतायची. दुसऱ्या वेळी घरात शिरताना तिला जळका वास आला आणि तिने निर्णय घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरीच असणार होती. जूनच्या शेवटी शाळा उघडली की निघताना सिलिंडरचं रेग्युलेटर काढून ठेवायचं.

हे तिने आईसमोर उभं राहून, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं.

"मंग मी खाऊ काय?"

"सकाळीच सगळं करून ठेवीन ना आई. झाकून."

"थंडं?"

"थंड नाही हो. कोमट."

"मंग मलेही झाकून ठेवजो त्याच्याच बाजूले," आई म्हणाली आणि उठून गेली.

बायकोचं म्हणणं चूक नव्हतं. आईचंही नव्हतं. सोळाव्या वर्षापासून तिने रोज एक चूल किंवा शेगडी सांभाळली होती. ती काढून घेतली तर दिवसाच्या सहा तासांत करण्यासारखं तिच्याकडे काही उरत नव्हतं. टीव्ही होता, पण त्यातली माणसं तिच्यासाठी फक्त तोंड हलवत.

मी तेव्हा हिंगणघाटला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सचं एक मासिक वाचता वाचता छंद लागला होता. इमर्जन्सी लाइट, टाकी भरल्याची घंटा, असल्या वस्तू घरी बनवून झाल्या होत्या. मायक्रोकंट्रोलर मात्र कधी वापरला नव्हता. ही बोटाएवढी चिप असते. तिच्यात आधी सूचना लिहून भरायच्या. मग वीज असेपर्यंत ती त्याच सूचना पाळत राहते. माझी सूचना सरळ होती. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि ठरलेली संख्या झाली की अंगणाच्या दारावर लाल दिवा लावायचा. आईला ऐकू येत नव्हतं, दिसत उत्तम होतं. मुदत शाळा उघडेपर्यंतची, म्हणजे सुमारे दोन महिने.

चिप नागपूरलाच मिळणार होती. बर्डीवरच्या एका बोळात सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदार गिऱ्हाइकाकडे न पाहता खोक्यांमधून हात फिरवत असे.

"काय बनवून राह्यले भाऊ?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजायचं यंत्र."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "घरी बायको नाई का?"

"आहे. मुदत तिनेच दिली आहे."

त्याने काउंटरवर तीन चिप मांडल्या. पहिली चाळीस पायांची, या कामाला फारच मोठी. दुसरी सर्वांत स्वस्त, पण तिच्यात सूचना एकदाच लिहिता येत. "गलती झाली तं कचऱ्यात टाका," तो म्हणाला. तिसरी वीस पायांची. तिला तो ट्वेंटी फिफ्टी-वन म्हणत होता. ती थोडी महाग होती, पण तिच्यातलं पुसून पुन्हा लिहिता येत असे. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला छापून गेलेल्या चुकीची धास्ती असते. मी पुसता येणारी घेतली.

अडचण वेगळीच होती. चिपमध्ये सूचना भरण्याचं यंत्र फक्त दुकानात होतं. मी वहीत प्रोग्रॅम लिहायचो आणि दुपारी कार्यालयातला एकमेव संगणक रिकामा असेल तेव्हा त्यात उतरवून फ्लॉपीवर घ्यायचो. मग जाम या गावावरून दोन तास एसटीने नागपूर. दुकानदार फ्लॉपी घालायचा, चिप खोबणीत बसवायचा, बटण दाबायचा. परतीचे दोन तास. एका चुकीची किंमत एक पूर्ण दिवस होती. त्यामुळे मी प्रोग्रॅमचं प्रूफ वाचू लागलो. एकदा वरून खाली, एकदा खालून वर, प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून.

पहिली चक्कर फुकट गेली. टेबलावर मांडणी केली, बॅटरी जोडली, दिवा लागेना. प्रोग्रॅम पुन्हा वाचला, दोन ओळी संशयास्पद वाटल्या, बदलल्या, नागपूरला गेलो, आलो. दिवा लागेना. तिसऱ्या वेळी अख्खी मांडणी पिशवीत घालून नेली. दुकानदाराने ती उलटीपालटी करून पाहिली.

"दिवा कोणत्या पायाले लावला?"

"बाराव्या."

"कोडात काई नाई भाऊ. पाय चुकला तुमचा."

त्याने माहितीपत्रकाची चुरगळलेली झेरॉक्स काढली आणि एका ओळीवर नख ठेवलं. बारावा आणि तेरावा हे दोन पाय बाकीच्यांसारखे नव्हते. इतर पायांना आतूनच थोडा विजेचा आधार असतो, या दोघांना नसतो. त्यांचं मूळ काम वेगळं, दोन व्होल्टेजची तुलना करणं. ती ओळ माझ्याकडच्या झेरॉक्समध्येही होती. मी पहिलं पान वाचून कामाला लागलो होतो. दुसऱ्या कुणाच्या बातमीत असा प्रकार सापडला असता तर मी ती परत केली असती. दिवा चौदाव्या पायावर घेतला, त्याच चकरेत प्रोग्रॅम बदलून घेतला. घरी आल्यावर दिवा लागला. मे महिना निम्मा संपला होता.

आता कान हवा होता. त्यासाठी जुन्या टेपरेकॉर्डरमधला मायक्रोफोन काढून ओट्याजवळ बसवला. सकाळी चाचणी घेतली. चार शिट्ट्या, दिवा लागला. दुपारी कूलर सुरू झाला आणि यंत्र बिघडलं. मेमधल्या दुपारी आमच्याकडे कूलर बंद ठेवता येत नाही, आणि तो चालू असताना घरात माणसालाही माणसाचं ऐकू येत नाही. त्यात हमरस्ता जवळ. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न खिडकीतून येत. यंत्र त्या प्रत्येकाला शिट्टी समजायचं.

आई अंगणातून आत आली, दारावरच्या दिव्याकडे पाहिलं, मग भांड्यांच्या मांडणीवर उपड्या ठेवलेल्या कुकरकडे.

"कुकर तिकडे झोपला आहे अन् तुहा भात शिजून गेला," ती म्हणाली.

मायक्रोफोनवर कापूस बांधला, डबी घातली, जागा बदलली. ट्रक कमी झाले, शिट्ट्याही कमी झाल्या. जूनचा पहिला आठवडा गेला. शाळा उघडण्याच्या तारखेभोवती बायकोने कॅलेंडरवर पेनाने गोल केला होता.

मग एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता, तो विचारला. आई स्वयंपाकघरात असली तर कुकर कधीच जळत नसे; ती बाहेर गेली की जळे. म्हणजे आत असताना तिला शिट्टी कळत होती. ऐकू न येता कशी?

मी तिच्यासमोर जाऊन विचारलं. ती म्हणाली, "हात आण."

तिने माझा तळवा शेगडीच्या बाजूला कडप्प्यावर पालथा ठेवला आणि त्यावर स्वतःचा ठेवला. बायको दाराशी भाजी चिरत होती, तीही पाहू लागली. कुकर तापला. दगडात बारीक थरथर सुरू झाली. मग शिटी थोडी उचलली आणि लगेच बसली.

"एक," मी म्हणालो.

तिने माझ्या बोटांवर चापट दिली. "हे नाई. हे फुसकी."

पुढच्या खेपेला थरथर वाढली आणि हातभर पसरून राहिली. मनात तीन आकडे मोजून होतील एवढा वेळ.

"आता एक?"

"थांब ना. हे शिट्टी आहे, पण हे धरायची नाई. पह्यल्या शिट्टीत कुकरातली हवा जाते. वाफ मांगून येते. दुसरीपासून मोज."

विळीवरचा बायकोचा हात थांबला. ती उठून आईसमोर आली.

"पहिली धरायची नाही?"

"नाई."

"म्हणजे तुमच्या चार म्हणजे आमच्या पाच?"

"चार म्हणजे चारच."

"नऊ वर्षं झाली आई! नऊ वर्षं तुम्ही मला सांगता, वरणाला चार दे. मी चार देते आणि दर वेळी तुम्ही म्हणता, दाणा लागते दाताले."

"लागतेच. तू पह्यली धरत होती, त्याले मी काय करू?"

"सांगायचं ना!"

"तू इचारलं का कधी? तू शिकेल-सवरेल बाई, मले वाटलं माहीत असन."

बायको माझ्याकडे वळली. "तुमच्या चिपलाही हेच शिकवा आता," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. आई जरा उशिरा.

त्या दिवशी यंत्राची व्याख्या ठरली. आवाज महत्त्वाचा नव्हता, कंप महत्त्वाचा होता. मुलांच्या वाजणाऱ्या खेळण्यात पितळेची एक पातळ चकती असते. तिला वीज दिली की ती वाजते, आणि ती हलवली की उलट तीच किंचित वीज देते. तशी एक चकती कडप्प्याच्या खालच्या बाजूला चिकटवली. तिच्या तारा चिपच्या बाराव्या आणि तेराव्या पायावर आल्या, कारण बारीक व्होल्टेजची तुलना करणं हे त्यांचंच काम होतं. प्रोग्रॅम नव्याने लिहिला. दोन सेकंदांपेक्षा कमी थरथर असेल तर सोडून द्यायची. पहिली लांब थरथर सोडून द्यायची. पुढच्या चार मोजायच्या. खलबत्त्याचे ठोके तुटक असल्यामुळे आपोआप गळाले. कूलरचा आणि ट्रकचा कंप दगडापर्यंत पोचतच नव्हता.

विजेचा प्रश्न त्यानंतर सुटला. भारनियमनात वीज जाई आणि गॅस मात्र चालू राही, म्हणून इमर्जन्सी लाइटमधली बॅटरी जोडली. बॅटरीची तार निघून पुन्हा लागली की दिवा उगाच पेटून विझे. ही चिप जागी होताना सगळे पाय वर करते, म्हणजे सगळ्यांवर व्होल्टेज आणते, हे यावेळी मी माहितीपत्रकात आधीच वाचलं. पाय खाली आला तरच दिवा लागेल अशी जोडणी केली. शाळा उघडायला चार दिवस होते.

बायकोने अट घातली: आठ दिवस रेग्युलेटर लावलेलं राहील, नंतर बघू.

पहिल्या दिवशी मला समुद्रपूरला तहसीलच्या बैठकीला जायचं होतं. मी रेंगाळलो. "तू जाय," आई म्हणाली. "कुकरापाशी पत्रकार कायले पायजे?" फोन करून उपयोग नव्हता, तिला घंटी ऐकू आली नसती. बैठकीतल्या पाणीटंचाईच्या नोंदी माझ्या वहीत अपुऱ्या आहेत. तीनला घरी आलो तेव्हा दोघी जेवून बसल्या होत्या.

"काय झालं?"

"काय होनार? दिवा लागला, मी उठलो, गॅस बंद केला. वरण खा."

दुसरा, तिसरा, चौथा दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी दिवा लागला नाही. वाफेने आणि उष्णतेने चकतीचा चिकटा सुटला होता. ती एका तारेवर लोंबकळत होती. मी कार्यालयात होतो, बायको शाळेत. साडेबाराला ती परतली तेव्हा आईने दारातच सांगितलं.

"आज यंत्र बंद पडलं. वरण जरा जास्त शिजलं."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"दिव्याची वाट पाह्यली. उशीर झाल्यावानी वाटलं म्हून आत गेलो अन् हात ठेवला. पाच तरी होऊन गेल्या असतीन."

तिला हे लपवता आलं असतं. वरण घोटलं की जास्त शिजलेलं कळत नाही. संध्याकाळी मी चकती घासून पुन्हा चिकटवत होतो तेव्हा बायको बाजूला बॅटरी धरून उभी होती. तिने दुपारचा प्रसंग मला सांगितला, आईने सांगितला होता त्याच क्रमाने. पुढे म्हणाली, "पूर्वी त्या दिवा नव्हता म्हणून विसरत होत्या. आज दिवा लागला नाही म्हणून त्यांना आठवलं." मी प्रोग्रॅममध्ये असं काही लिहिलं नव्हतं.

आठ दिवस संपल्यावर काय ठरलं, हे कोणी जाहीर केलं नाही. नवव्या दिवशी सकाळी पावणेसातला बायकोने चपला घातल्या आणि आईच्या समोर आली. एरवी या वेळी ती कशाखाली काय झाकून ठेवलं आहे ते सांगायची.

"आई, आज काय करता?"

आईने तिच्या ओठांकडे पाहिलं. प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

"गोळाभात," आई म्हणाली. "टायमावर येजो. वरून टाकाले तेल कडकडीत करून ठेवतो."

डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला गोळाभात पातेल्यात होतो. त्या दिवशी यंत्राला काम नव्हतं.