मधली मोकळी खाच

सांगलीजवळच्या साखर कारखान्यात मी संगणक सांभाळत असे. ऐन गळिताच्या हंगामात त्याला डिस्कचे नियंत्रक कार्ड दिसेनासे झाले. दुरुस्तीला एक निवृत्त फौजी आले. त्यांनी कार्ड काढले, त्याची कड खोडरबराने पुसली, कपाळाला लावून पुन्हा बसवले. उपयोग झाला नाही. मग त्यांनी त्या कार्डाच्या अलीकडच्या मोकळ्या खाचेवर बोट ठेवले.

"हितलं कार्ड कुणी काढलं?"

"हेडक्लार्कनी. बिनकामाचं होतं म्हणे."

"आवं, निरोप त्याच्यातनंच पुढं जातो! मधली जागा मोकळी ऱ्हायली, की पुढं कुणी हाय हे मशिनला कळतच न्हाई."

ते कार्ड परत बसवताच संगणकाने डिस्क ओळखली. चहा घेताना मी विचारले, "मुलगा उंब्रजला असतो म्हणालात. आता त्याच्याकडेच जाणार ना?"

त्यांनी कप हळूच खाली ठेवला. "पोरगं माज्याशी बोलायचं ते त्याच्या आईमार्फत. ती गेली गेल्या साली."

थोड्या वेळाने ते फाटकाशी उभे असताना उंब्रजची गाडी थांबली. मी खिडकीतून पाहत होतो.

"येताय न्हवं, काका?" वाहकाने विचारले.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी त्यांना न घेताच निघून गेली.