शांतवनमामांचं आमेन

प्रार्थनेने कोरड्या नदीला पाणी येतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काटेकोरपणे सांगायचं तर पाणी आलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. पाहिलं ते नंतर, बसल्या जागी पॅन्ट भिजल्यावर. शिवाय त्या दिवशी आवर्तन सुटलेलं होतं, म्हणजे शेतीसाठी वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, आणि ही गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होती. पण शांतवनमामांच्या बाबतीत असल्या किरकोळ तपशिलांना महत्त्व द्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

शांतवनमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. बुटके, रुंद, मान जवळजवळ नसलेले. निवृत्तीनंतरही पायांत कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट असत. चर्चमध्ये, लग्नात, भाजी आणायला, सगळीकडे तेच. नगरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. त्यांनी आवळलेला नट दुसऱ्या कोणाला सोडवता येत नसे, आणि त्यांनी जेवणाआधी सुरू केलेली प्रार्थना कोणालाच थांबवता येत नसे.

केळ्याहून मोठं काहीही खायचं असलं की मामा प्रार्थना करत. सुप्याला रस्त्याकडेच्या गाडीवर वडापाव घेतला तरी करत. एरवी त्यांची बोली अस्सल नगरी. पण देवाशी बोलताना ते पुस्तकातली मराठी वापरत, साहेबासमोर माणूस शर्ट खोचतो तशी. “हे दयाळू स्वर्गीय बापा” इथून सुरुवात होई. मग पृथ्वीची उत्पत्ती, मग जलचर, मग वस्तीतले आजारी लोक त्यांच्या त्यांच्या अवयवांसकट, मग देशाचे अधिकारी, मग गॅसचा सिलिंडर. “आणि शेवटी, हे बापा” असं ते म्हणाले की नवख्या पाहुण्याचा हात ताटाकडे जाई. आम्हांला माहीत असे, की हे मध्यंतर आहे.

“अहो, रस्सा निवतोय,” मामी म्हणायची.

“देव भहिरा न्हाई,” मामा सांगायचे, “पन घाईत बी न्हाई.”

घाईत आम्ही होतो. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या मटण उत्तम शिजतं आणि कोमट खाल्लं जातं.

निवृत्त झाल्यावर मामांनी दर मे महिन्यात कुटुंबाचा कॅम्प काढायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा अनिल पुण्यात इंजिनियर. त्याला सुट्टी नसायची. पण त्याची बायको रूथ आणि दोन मुलं यायची, थोरली शेरॉन आणि तिच्या पाठचा जोएल. मामी असायची, आणि सामान उचलायला भाचा म्हणून मी. पाण्याजवळ राहायचं एवढाच नियम. मामांचं मत असं, की पोरं मोबाईलमुळं बिघडलेली नाहीत, पाण्यापासून लांब राहिल्यामुळं बिघडली आहेत. या मताला आधार काय, असं मी एकदा विचारलं. “तू वाचीत जा,” ते म्हणाले. मी वाचनालयात नोकरी करतो.

तंबू मामांनी स्वतः बनवला होता. ट्रकची ताडपत्री आणि दीड इंची लोखंडी पाइप. बाकीचे लोक पिशवीतून तंबू काढून हवेत फेकतात आणि तो आपोआप उभा राहतो. आमचा उभा करायला पान्हे लागत. त्याला नट होते, बोल्ट होते, वॉशर होते. भंडारदऱ्याच्या तळ्याकाठी पहिल्या वर्षी आम्ही तो उभारत असताना शेजारचे मुंबईकर आले, त्यांनी खुर्च्या मांडल्या, खाल्लं-प्यायलं, आणि जाताना “दुकान कधी उघडणार?” असं विचारून गेले.

दुसऱ्या वर्षी मुळा धरणाच्या फुगवट्याला गेलो. तिथे दोन घटना घडल्या आणि पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं, म्हणून त्या नीट सांगतो.

पहिली घटना कुत्र्याची. मामांची प्रार्थना जलचरांपर्यंत आली होती. जोएल बोटांच्या फटीतून बघत होता, आणि त्याला दिसलं की एक पिवळं कुत्रं पातेल्यात तोंड घालतंय. तो ओरडला, “कुत्रा!” मामा थांबले. कुत्रं मटणातली नळी घेऊन गेलं. मामांनी डोळे न उघडता मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “हे दयाळू स्वर्गीय बापा...” म्हणजे पुन्हा पृथ्वीच्या उत्पत्तीपासून. मध्येच तुटलेली प्रार्थना पुढे चालू करायची नाही, पहिल्यापासून करायची, हा त्यांचा नियम होता. आटा चुकलेला नट तसाच दामटायचा नसतो, पूर्ण सोडवून नव्याने लावायचा असतो, असं त्यांनी नंतर समजावून सांगितलं. कुत्रं दुसऱ्यांदा येऊन गेलं. या खेपेला कोणी ओरडलं नाही.

दुसरी घटना शेरॉनची. जेवण झाल्यावर ती आजोबांच्या समोर जाऊन बसली. पंधरा वर्षांची होती.

“आजोबा, एक सांगू? रागवायचं नाही.”

“रागवायचं का न्हाई ते ऐकल्यावर बघू.”

“मी उद्यापासून प्रार्थनेला बसेन, पण डोळे मिटणार नाही. आणि आमेन म्हणणार नाही. मला ते खरं वाटत नाही, आणि खोटं म्हणायचं नाही असं तुम्हीच शिकवलंय.”

रूथवहिनी भांडी घासता घासता थिजली. मामांनी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, “बरं. डोळे उघडे ठेव. कुत्रं तरी दिसंल.”

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पाइप सोडवत होतो, तेव्हा ते मान खाली घालून पुटपुटले, “मी गेल्यावं ह्या घरात ताटावं बोलनारं कोन हाय रं? अनिल बोलंना. जोएल भुकेला कच्चा. रूथ लाजती. तू तर पुस्तकं वाचून वाया गेलेला. माजी सगळी भिस्त तिच्याव हुती.”

“मामी आहे की.”

“तिची प्रार्थना म्हंजे ‘बसा जेवायला’.”

मी विषय हसण्यावारी नेला. ते हसले नाहीत. मामांनी माझ्या विनोदाला न हसण्याची ती पहिली वेळ नव्हती, पण या वेळी कारण वेगळं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रवरा. अकोल्याच्या खाली, संगमनेरच्या अलीकडे, नदीचं पात्र मे महिन्यात नुसतं वाळू आणि गोटे. मध्ये एक डोह. मामांनी तंबू पात्रातच ठोकला. काठावर सावली होती, सपाट जागा होती, पण मामांना पाण्याच्या जवळ राहायचं होतं. पाणी आपल्या जवळ यायला निघालं आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. काठावरच्या शेतांत लोक मोटारी जोडत होते, पाइप ओढत होते. एका शेतकऱ्याने वरून हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं. मामांनीही हात हलवला आणि “प्रभू बरं करो!” असं ओरडून उत्तर दिलं.

दुपारी मामीने तीन गोट्यांच्या चुलीवर मटण केलं. मोठं स्टीलचं पातेलं, मामांच्या लग्नात आलेलं, काठावर नाव-गाव घातलेलं. आम्ही ताडपत्रीवर गोल बसलो. मामा उभे राहिले. प्रवरेकडे पाठ, पोटावर हात बांधलेले, पायांत ते बूट. शेरॉन त्यांच्या समोर, उघड्या डोळ्यांनी.

“हे दयाळू स्वर्गीय बापा, तू कोरड्या भूमीत झरे फोडतोस...”

मी नास्तिक असलो तरी डोळे मिटतो. सवय श्रद्धेपेक्षा चिवट असते.

पुढचं मला शेरॉनने नंतर सांगितलं. मामांच्या मागे, वरच्या वळणावर, तिला आधी काटक्या दिसल्या. वाळूवरून काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या आणि मळकट फेस यांची एक रांग हळूहळू चालत येत होती. मग त्या रांगेच्या मागचं पाणी दिसलं. तिने तोंड उघडलं आणि तिला कुत्रा आठवला. “पाणी!” असं ओरडलं तर आजोबा थांबणार, श्वास घेणार, आणि पृथ्वीच्या उत्पत्तीपासून पुन्हा सुरू करणार. प्रार्थना न तोडता संपवणारा शब्द जगात एकच होता.

“आमेन!” शेरॉन म्हणाली.

मामा थबकले. आम्ही सगळे थबकलो. मिटल्या डोळ्यांनी माणूस जितका थबकू शकतो तितके.

“...आणि हे बापा,” मामांचा आवाज जड झाला होता, “तू माझ्या नातीचं मुख उघडलंस, याबद्दल मी तुझा किती ऋणी आहे...”

“आमेन! आजोबा, आमेन!”

“...दोनदा, हे बापा! दोनदा! मूल मागणाऱ्या हन्नेची विनंती जशी तू ऐकलीस...”

“आमेन! आमेन! प्लीज, आमेन!”

मामा रडायला लागले. इतकी वर्षं त्यांच्या प्रार्थनेला असा प्रतिसाद कोणी दिला नव्हता; आम्ही शेवटी एकदा सुटकेच्या आवाजात म्हणत असू तेवढंच. त्यांनी आता शेरॉनचा जन्म, तिचे पहिले दात आणि तिचा गोवर घेतला. एवढ्यात मला बसल्या जागी ओलं लागलं. पिण्याच्या पाण्याचा कॅन कलंडला असावा, असं वाटून मी थोडा सरकलो आणि डोळे मिटूनच ठेवले. जोएलही सरकला. लोखंडी टोकाच्या बुटांत उभ्या असलेल्या मामांना तर काहीच कळायचं कारण नव्हतं.

शेवटी मामी ओरडली. “अवो, बास करा! नदी आली!”

मामांनी डोळे उघडले, पायाखाली पाहिलं, मागे वळून प्रवरेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कारखान्यात मोठी मशीन पहिल्यांदा चालू झाल्यावर बघत असतील, तसे ते बघत होते. मग, पाणी पोटऱ्यांना लागलेलं असताना, त्यांनी पुन्हा डोळे मिटले, “येशूच्या नावाने मागतो, आमेन” असं शिस्तीत म्हटलं, आणि ओरडले, “पोरांना घ्या!”

आम्ही काठावर चढलो. मामी भाकरीचा डबा डोक्यावर घेऊन सर्वांत आधी वर पोचली. तंबू जागचा हलला नाही. तो कोणालाच कधी हलला नव्हता. पातेलं मात्र चुलीवरून उचललं गेलं आणि झाकणासकट, मटणासकट, मोठ्या डौलात नदीच्या मध्यभागातून संगमनेरच्या दिशेने निघून गेलं. जोएल ते दिसेनासं होईपर्यंत बघत होता. मी त्याला इतकं दुःखी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आम्ही काठावर बसून कोरड्या भाकऱ्या खाल्ल्या. शेतकरी मोटारी सुरू करत होते. मामा बुटांतलं पाणी ओतत शेरॉनच्या शेजारी बसले.

“शेरू, ते आमेन मनापासून हुतं का?”

खोटं बोलायचं नाही हे तिच्या अंगात फार मुरलं होतं.

“आजोबा, इतकं मनापासून मी आयुष्यात काही म्हटलं नव्हतं.”

मामांनी मान हलवली. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. पण हातात आलेली वस्तू ते उगाच उलटीपालटी करून बघत नसत.

“मग झालं,” ते म्हणाले. “पुढचं त्याचं तो बघंल.”

पातेलं परत आलं. खालच्या बंधाऱ्यावर कोणालातरी सापडलं, काठावरचं नाव-गाव वाचून, ओळखीतून ओळख काढत ते नगरला आमच्या वस्तीत पोचलं. आत मटण नव्हतं. पातेलं लख्ख घासलेलं होतं. मामांनी त्या अज्ञात कुटुंबासाठी प्रार्थना केली; त्यांनीही खाण्याआधी काहीतरी म्हटलं असेल, अशी त्यांची खात्री होती. त्या दिवशी आमचं पिठलं थंड झालं.

त्या हिवाळ्यात मामा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, पायांत बूट घालून. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रवरेची गोष्ट सांगितली: विश्वासू सेवकाने हाक मारली आणि कोरडी नदी वाहू लागली. लोक हेलावले. आवर्तनाचा उल्लेख झाला नाही. मी शेरॉनकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

मे महिन्यात मामी म्हणाली, कॅम्पला जायचं. पुन्हा प्रवरा, पण या वेळी काठावर. तंबू उभा करायला अख्खा दिवस लागला, कारण गेल्या वर्षी आवरताना मामांनी पाइपांवर आवळून ठेवलेले नट सुटत नव्हते. मामीने त्याच पातेल्यात मटण केलं, ताटं वाढली, आणि मग सगळे गप्प बसलो. मामांची जागा रिकामी होती. रूथवहिनीने खाली पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. मामीसुद्धा “बसा जेवायला” म्हणाली नाही.

शेरॉन उठून उभी राहिली. तिने पोटावर हात बांधले. डोळे मिटले नाहीत. नदीच्या वरच्या वळणाकडे लावले.

“हे दयाळू स्वर्गीय बापा,” ती म्हणाली, “तू आहेस की नाही मला माहीत नाही. असलास तर आजोबा तुझ्याकडे आहेत. ते बोलायला लागले की मध्ये अडवू नकोस. आमेन.”

“आमेन,” आम्ही म्हणालो. मामी डोळे पुसत खाली बसली.

रस्सा उकळता होता. जोएलची जीभ भाजली.