भाईंचे मुदतीचे मैल

हवेतून कापलेला एकही मैल वाया जाऊ न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आमच्या वरच्या मजल्यावरचे भाई. वाळूजच्या कारखान्यातली यंत्रं देशोदेशी बसवून द्यायला ते वीस वर्षं विमानानं हिंडले. तिकीट कारखान्याचं, पण विमानवाल्यांकडून मिळणारे बक्षिसाचे मैल भाईंच्या नावावर. "सर, मैल दोन जातीचे," एकदा जिन्यात मला अडवून त्यांनी समजावलं. (मी शाळामास्तर, शिकवणी ऐकून घ्यायची सवय नव्हती, पण ऐकली.) "एक मिरवायचे, एक खर्चायचे. मिरवायच्यांवर सोनेरी कार्ड मिळतं, पण साल संपलं की पुन्हा शून्य. खर्चायचे साठत जातात, त्यांचं तिकीट होतं. फक्त खातं दीड वर्ष गप पडलं, की सगळे खलास!" खातं गप पडू नये म्हणून निवृत्तीनंतर भाई एकदा सकाळी मुंबईला उडाले, विमानतळावरच चहा प्यायले आणि संध्याकाळी घरी आले. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, विचारलं, "काय काम होतं?" भाई म्हणाले, "जाणं हेच काम होतं." सोनेरी कार्डाबरोबर आलेली पट्टी त्यांच्या बॅगेला कायम लटकलेली असे, खुलताबादच्या एसटीतसुद्धा. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, हे काय वो?" भाई ऐटीत म्हणाले, "याच्यामुळं माझं सामान सगळ्यांच्या आधी मिळतं." कंडक्टर म्हणाला, "सामान तर तुमच्या मांडीवरच हाय की!"

इतकं जपलेलं हे धन भाई स्वतःसाठी मात्र कधी खर्च करत नसत. ते होतं भाभींसाठी. भाभींना आईच्या मायेनं वाढवणारी थोरली बहीण, आपा, टोरांटोला मुलाकडे राहायची. बावीस वर्षांत दोघींची भेट नव्हती. साध्या जागेची दोन तिकिटं केव्हाच निघाली असती, पण भाईंची जिद्द अशी, की आयुष्यभर आपल्याला विमानतळावर सोडायला आलेली बाई पाय पसरून झोपत जाईल. तसल्या बक्षिसाच्या जागा विमानात दोन-चारच, त्याही कुणी आधीच धरलेल्या. भाई रोज सकाळी चष्मा लावून शोधत. "मिळंल, सर. सबर पाहिजे." अशी पाच वर्षं गेली.

मग एके दिवशी ते फोन हातात धरून खाली आले. चेहरा उतरलेला. विमानवाल्यांनी नियम बदलले होते. झोपायच्या जागेला आता दुप्पट मैल लागणार होते, आणि जुने मैल काहीही केलं तरी तीन महिन्यांत बाद होणार होते. मागोमाग भाभीही जिना उतरून आल्या. "साध्या जागा काढा," त्या म्हणाल्या. "आपाला भेटायचंय. झोपायला थोडंच जायचंय?"

दोघं गेले. तीन आठवड्यांनी परतले, तेव्हा मी हौसेनं विचारलं, कशा आहेत आपा? भाई पायरीवर बसले. "ओळखलंच नाही, सर. दोन दिवस हिला नर्स समजत होत्या. तिसऱ्या दिवशी लहानपणीच्या नावानं हाक मारली. दोघी लई रडल्या. संध्याकाळपर्यंत पुन्हा विसरल्या." मग खाली बघत म्हणाले, "साध्या जागा पाच वर्षांपूर्वीबी होत्या. मी रोज बघायचो अन् सोडून द्यायचो." भाभी दारातून म्हणाल्या, "हाक मारली ना तिनं? मग झालं तर."

आता भाईंच्या खात्यात काही नाही, आणि त्याबद्दल ते बोलतही नाहीत. रोज संध्याकाळी, तिकडे सकाळ झाली की, ते भाभींना आपांचा फोन स्पीकरवर लावून देतात आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहतात. बहुतेक दिवस भाभी लवकरच फोन ठेवतात. पण एखाद्या दिवशी वरून दोन म्हाताऱ्या बहिणींचं हसणं माझ्या अंगणापर्यंत येतं. तेव्हा भाई कठड्यावरून वाकून मला ऐकण्याची खूण करतात, आणि आम्ही दोघं, एक वर, एक खाली, ऐकत राहतो.