लोलकाकडे पाठ

भिलाईचा कारखाना अजून उभा होत होता, तेव्हा आई मजुरांच्या वस्तीत, कॅम्प-एकच्या बाजारात भाजी विकायची. वडील ठेकेदाराकडे मातीकाम करता करताच गेले होते. मरोदा गावाकडून सकाळी बायका माल घेऊन यायच्या, तो घ्यायला आई मला सोबत न्यायची. सौदा मी तिथंच शिकले. वांगी कितीही आवडली तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. "पाहू" म्हणायचं, हात झटकायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचं.

"मांगं पाहू नको," आई सांगायची. "थे बोलावते तुले."

आणि बाई हाक मारायचीच.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाचे एक प्राध्यापक मुलांना विज्ञान सांगायला आले. व्याख्यान साहेबांच्या सेक्टरमधल्या मोठ्या शाळेत होतं. पुढे खुर्च्यांवर साहेबांची मुलं, मागे जमिनीवर आम्ही कॅम्पातली. प्राध्यापकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि फटीतून येणाऱ्या उन्हात काचेचा लोलक धरला. भिंतीवर रंग पडले. आमच्या वस्तीत झाडाच्या पानावरसुद्धा सिमेंटची राखाडी धूळ बसायची. मी बघतच राहिले.

मग त्यांनी विचारलं, ओला कपडा गुंडाळला की मडक्यातलं पाणी जास्त गार का होतं? खुर्च्या गप्प. मी उठून सांगितलं, कपडा वाळताना गरमी ओढून नेतो. आई म्हणूनच भाजीवर ओलं पोतं टाकते. त्यांनी मला मंचावर बोलावलं.

"छुट्टियों में हमारी प्रयोगशाला में आओगी? हॉस्टल में रहना. मन लगा तो आगे की पढ़ाई भी देख लेंगे."

पुढची शाळा आपल्याच्यानं होत नाही, असं आईनं आधीच सांगून टाकलं होतं. माझ्यासाठी वाट होती ती एवढीच. पण तोंडावर मी काही येऊ दिलं नाही. "देखेंगे," म्हणाले आणि पाठ फिरवून दाराकडे निघाले. हळूहळू चालले, हाक ऐकू यावी म्हणून.

"कोई बात नहीं," मागून आवाज आला. "और कौन आएगा?"

वळून पाहिलं, तर एका साहेबाची मुलगी लोलक हातात धरून उभी होती. माझं डोकं फिरलं, हिंदी विसरले.

"मले यायचं हाये!" मी तिथूनच ओरडले. "मी नाई कुठं म्हनलं? सौदा करून राहिली होती मी!"

मुलं खो खो हसली.

"क्या कह रही है?" प्राध्यापकांनी आमच्या शाळेच्या बाईंना विचारलं. बाई नागपूरच्या. माझा शब्द न् शब्द त्यांना कळला होता.

"कुछ नहीं सर. सब्ज़ीवाली की लड़की है, झगड़ने की आदत है."

प्राध्यापक हसले आणि फळ्याकडे वळले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना मराठी येत नव्हतं. बाईंना मात्र मी अजून माफ केलेलं नाही. पुढे त्याच बाजारात माझं पक्कं दुकान झालं, तरी नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई बाईंना शिव्या घालेल असं वाटलं होतं. ती मेथीवर पाणी शिंपडत राहिली.

"पोरी, गरज त्याची होती का तुही?"

"तूच तं शिकवलं!" मी किंचाळले.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी तिनं माझ्यासाठी भाजीची वेगळी टोपली आणली.